अंड्याच्या पांढऱ्यापलीकडचं अल्ब्युमिन

कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन २.६ वर आलं, की घरात अंडी उकडायला लागतात. कुणी प्रोटीन पावडरचा डबा आणतं, कुणी अल्ब्युमिनच्या बाटलीसाठी मेडिकल पालथी घालतं. वर ‘नीट खात नाहीस’ म्हणून बोलणी पेशंटलाच. बरेचदा दोष ताटाचा नसतोच.

गाठ आणि तिच्याभोवतीच्या पेशी आयएल-६ नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. त्याचा निरोप मिळताच यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं आणि सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन वाढवतं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलेलं हे सीआरपी आपल्याकडे कोविडने घरोघरी पोचवलं. प्रयोगशाळेत ते टी-पेशींमध्ये, म्हणजे कॅन्सरवर तुटून पडणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये, मिसळलं, तेव्हा त्यांची वाढ आणि मारा दोन्ही मंदावले. म्हणजे ज्या पेशींच्या भरवशावर इम्युनोथेरपी द्यायची, त्याच आधीपासून दबलेल्या असू शकतात.

ग्लासगोच्या डॉक्टरांनी यातून सोपं गणित मांडलं. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली, असं दोन्ही असेल तर जिवाला धोका सर्वाधिक.

औषधाचंही गणित अल्ब्युमिनशी जोडलेलं. निव्होलुमॅबसारखी इम्युनोथेरपीची प्रतिपिंडं आणि अल्ब्युमिन, दोघांनाही शरीरातला एकच ग्राही मोडतोडीपासून वाचवतो. अल्ब्युमिन घसरलेल्या पेशंटच्या रक्तातून औषध लवकर निघून जातं. मग डोस वाढवावा? तसं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या २४० ऐवजी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब गोळ्यांच्या उपचाराला जोडून पाहिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेलं. हे २०२२ साली प्रसिद्ध झालं.

तरीही इम्युनोथेरपीचं लाखांचं एस्टिमेट हातात ठेवताना सीआरपी आणि अल्ब्युमिन या दोन स्वस्त तपासण्यांबद्दल घरच्यांशी कुणी बोलत नाही. बोलायलाच हवं. आकडे वाईट म्हणून उपचार नाकारण्यासाठी नव्हे. कर्ज काढायला निघालेल्या मुलाला कितपत आशा धरायची ते कळावं म्हणून.

एकाच रिपोर्टवर विसंबणंही चूक. तोंडाच्या कॅन्सरमध्ये जखम चिघळते, दाताखाली पू होतो, आणि तेवढ्यानेही सीआरपी उसळतं. आधी तो संसर्ग आटोक्यात आणून तपासणी पुन्हा करावी आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवूनच इम्युनोथेरपीचं बोलणं काढावं.