परतीचं तिकीट

तुमच्या घरी कोणी मोठ्या मुक्कामाला निघालं की बॅग किती दिवस आधी उघडते? आमच्याकडे पंधरा दिवसांपासून ती पलंगावर आ वासून पडली आहे. सासूबाई, वय वर्षं ८२, उद्या पुण्याला धाकट्या दिरांकडे निघाल्यात. चार महिन्यांसाठी. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावतो, तो उन्हाळा यंदा त्यांनी इथे काढू नये, असं डॉक्टरांनी बजावलंय.

तर बॅग. सकाळी एक साडी आत जाते, दुपारी तीच बाहेर येते आणि तिच्या जागी दुसरी जाते. मी आधी वैतागले होते. मग लक्षात आलं, त्यांना घाई नाहीये. प्रत्येक साडी उलगडताना ती कुठल्या लग्नातली, कोणी नेसवली, हे सगळं सांगून होतं आणि मगच घडी पडते. असा निवांत दुपारचा वेळ आम्हा दोघींना एरवी कुठे मिळतो?

पुण्याला काय न्यायचं याची यादी मात्र पक्की आहे. रखिया बडी, म्हणजे आपला कोहळा किसून उडदाच्या वाटलेल्या डाळीत घालून उन्हात वाळवलेले सांडगे. हिवाळ्यात गच्चीवर घातल्या होत्या, त्यातल्या निम्म्या नातवाच्या नावाने बाजूला काढल्या. पाच किलो दुबराज तांदूळ. नगरीच्या दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्या तो जरा जास्तच तोऱ्यात वाढतात. ‘पुण्यात आंबेमोहोर मिळतो हो आई,’ असं दीर फोनवर म्हणाले, तर उत्तर आलं, ‘मिळू दे.’

प्रवासाच्या डब्यात दशम्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, चिमूटभर मीठ, की दुसऱ्या दिवशीही मऊ. सोबत दाण्याची चटणी, आणि तहानलाडू-भूकलाडू म्हणून थोडे बेसनाचे. हे पोचवायला जाणार आहेत. ‘गाडीत जेवण मिळतं,’ असं त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

आझाद हिंद एक्सप्रेस हावड्याहून येते आणि रायपूर, नागपूर, भुसावळ, मनमाड करत पुण्याला जाते. जवळजवळ बाराशे किलोमीटर. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा असा प्रवास म्हणजे होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि लाकडी बाकं. १९७७ च्या २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तीही रायपूरवरूनच जाते. तेव्हा रेल्वेमंत्री मधु दंडवते होते. दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर फोमची गादी आली ती त्यांच्यामुळे. ‘दंडवत्यांनी माझी पाठ आणि ह्यांचा होल्डॉल, दोन्ही सोडवलं,’ असं त्या अजून सांगतात.

आता खरी गोष्ट. मागच्या महिन्यात तिकीट काढलं. खालचा बर्थ मिळाला. (४५ वर्षांपुढच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तुम्हीही वय नीट भरा.) मोबाइल दाखवला तर त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, ‘आणि परतीचं?’

परतीचं मिळत नव्हतं. पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. जुलैचं तिकीट फेब्रुवारीत निघणार कसं? दीर फोनवर होते, सहज बोलून गेले, ‘परतीचं नंतर बघू गं आई, काय घाई आहे?’

त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. पोट जड आहे म्हणाल्या.

आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. आरक्षणाच्या यंत्राला फक्त ‘जाते’ कळतं. आणि ८२ व्या वर्षी ‘नंतर बघू’ या शब्दांचा अर्थ काय होतो, हे घरात आम्हा सगळ्यांना कळलं होतं. बोललं कोणीच नाही. दिरांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना आई हवीच आहे. पण तात्यापाऱ्यातल्या ओळखी, महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणी, भांड्यांना येणारी बाई जी रोज दारातून ‘दाई’ अशी हाक मारते, हे सगळं बॅगेत कसं भरायचं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवायला लावलं. ५ जुलैला खूण केली. मग बोटं मोजत मागे आल्या, माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं आणि ६ मेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं : ‘सकाळी ८. माझं तिकीट.’ आरक्षण आठला उघडतं, हे त्यांना आता माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक आहे. दिरांना फोन करून तिकडच्या कालनिर्णयावरही तेच लिहून घेतलं. दीर आधी हसले, मग म्हणाले, ‘लिहिलं आई. गजरही लावतो.’

त्यानंतर बॅग भराभर भरली गेली. काल देव्हाऱ्याची आवराआवर झाली. माहेराहून आलेला बाळकृष्ण कापसात गुंडाळून डबीत गेला, डबी पर्समध्ये. अन्नपूर्णेला मात्र जागेवरून हलवलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘ती राहू दे. घरात कोणीतरी हवं ना.’ मी आहे की घरात! पण हे मी मनातच म्हटलं.

आज भांड्यांची बाई जाताना त्यांच्या पाया पडली. ‘जल्दी आबे दाई.’ सासूबाईंनी तिला तारीख सांगितली. ५ जुलै.

बडीची पिशवी तेवढी अजून बॅगेत मावत नाहीये, आणि उद्या निघताना हातावर द्यायला दही हवं. ते आत्ता विरजायला जाते. म्हणजे, येते.