निळ्या उजेडात तोंड तपासताना

गालाच्या आतला पांढरा चट्टा दुखत नाही, म्हणून तंबाखू खाणारा तो दाखवत नाही. तोंड उघडेनासे झाले की डॉक्टरकडे धाव घेतो. हा जीवघेणा उशीर टाळायला प्रकाश मदत करू शकतो. तोंडात निळा प्रकाश टाकला की निरोगी अस्तर हिरवट चमकते. पेशी बिघडू लागल्या असतील तिथे चमक मावळून काळपट डाग दिसतो. ना सुई, ना चिरा. खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत रामन परिणामावर आधारित तपासणीचाही अभ्यास झाला आहे. लेसरचा किरण अस्तरावरून विखुरताना त्यात पडणारा सूक्ष्म फरक पेशींतल्या रसायनांचा माग देतो. १९२८ साली भारतात लागलेला शोध भारतीयांच्या तोंडाच्या कर्करोगावर उपयोगी पडावा, याचे आम्हाला मोल वाटते.

पण तोंड आले असले, हिरडी सुजली असली, तरीही डाग काळाच दिसू शकतो. निदान बायोप्सीच करते. शिवाय केरळातल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली, तरी तंबाखू वा दारूचे व्यसन असलेल्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. तो निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, मशेरी आणि तंबाखू-चुना मात्र घरोघर आहे. सरकारने उपकरणे जरूर घ्यावीत. त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दर आठवड्याला तोंड तपासणीचा दिवस ठेवावा आणि संशयित रुग्णाची बायोप्सी कुठे, किती दिवसांत होणार, हे लेखी ठरवावे.