सावलीतली बाई



मागच्या रविवारी बहिणीकडे गेलो होतो. ती मिरचीच्या सातऱ्यावर देठ तोडायला गेलेली. आमच्या भिवापुरात हंगामात बायांचे हात जळजळतच असतात. घरात भाचा जुन्या संगणकापुढे बसलेला, पाठीशी धाकटी भाची. पडद्यावर एक बाई भिंतीच्या सावलीतून दबक्या पावलाने निघाली, पाठमोऱ्या शिपायाजवळ पोचली आणि तिने सुरा चालवला. पोट्टं खूश! मी रागावलो. "आई तिकडे ठसक्याने खोकत बसली, अन् तुम्ही इकडे मुडदे पाडता?"

भाची म्हणाली, "मामाजी, ते हिटलरचे शिपाई होत. पण अशी बाई खरंच होती काय?"

मला उत्तर आले नाही. आता कारकुनाची खोड, नोंद सापडेपर्यंत चैन पडत नाही. तेव्हा जे सापडले ते लिहितो.

हा खेळ 'व्हेल्वेट असॅसिन', २००९ साली निघालेला, तोही जर्मनीतल्याच हॅम्बुर्गच्या कंपनीने तयार केलेला. त्यातली हेर दवाखान्यातल्या खाटेवर बेशुद्ध पडून आपल्या कामगिऱ्या आठवत असते. खेळात अंधारात लपायचे, आवाज करायचा नाही. ही बाई बेतली आहे व्हायोलेट झाबोवरून. ती कोणी राजकन्या नव्हती. लंडनमध्ये दुकानात अत्तरे विकणारी मुलगी. नवरा १९४२ मध्ये एल अलामीनच्या लढाईत पडला, पदरात काही महिन्यांची मुलगी. तरी ती ब्रिटनच्या गुप्त खात्यात गेली, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरली, जून १९४४ मध्ये पकडली गेली. १९४५ च्या सुरुवातीला रावेन्सब्रुकच्या छळछावणीत तिला गोळी घातली. वय २३.

पण शोधता शोधता त्याच खात्यातली दुसरी बाई भेटली आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. तिचे नाव नूर इनायत खान. वडील इनायत खान हे बडोद्याचे, सूफी आणि गवई. आजोळचे मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा काढली. ज्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले, तेच हे महाराज. नूरचा जन्म १ जानेवारी १९१४ चा, मॉस्कोतला. आई अमेरिकन, बालपण पॅरिसजवळ.

आणि या मुलीने १९३९ साली इंग्रजीत पुस्तक काढले ते कशाचे? भगवान बुद्धाच्या जातककथांचे! वीस कथा, लहान मुलांसाठी. त्यात वानरराजाची गोष्ट आहे. आपले अंग पुलासारखे ताणून तो सगळ्या वानरांना पलीकडे जाऊ देतो, स्वतः मात्र मागे राहतो. आपल्या विहारात ही कथा किती वेळा ऐकली असेल!

अशा मुलीला हेर कशी करायची? शिकवणाऱ्यांपैकी काहींनी ती या कामाला योग्य नाही असा शेरा मारलाच होता. जून १९४३ मध्ये ती विमानाने फ्रान्समध्ये उतरली. ताब्यातल्या फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री वायरलेस ऑपरेटर. तिचे काम सुऱ्याचे नव्हे. सुमारे १५ किलोची पेटी घेऊन घरे बदलायची, तार टांगायची, संदेश पाठवायचा आणि जर्मनांची शोधगाडी पोचायच्या आत निघायचे. ती उतरून थोडे दिवस झाले, तोच पॅरिसमधली तिची माणसे धडाधड पकडली गेली. लंडनने परत ये म्हटले. ती आली नाही, कारण मागे वायरलेस चालवणारे कोणी उरले नव्हते.

चूकही सांगितली पाहिजे. पाठवलेल्या संदेशांच्या नकला तिने वहीत ठेवल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये फितुरीने ती पकडली गेली तेव्हा वही जर्मनांच्या हाती लागली, आणि त्यांनी तिच्या नावाने लंडनला खोटे संदेश पाठवले. त्यापायी आणखी माणसे सापळ्यात सापडली. मात्र चौकशीत तिने तोंड उघडले नाही. दोनदा पळायचा प्रयत्न केला. मग जर्मनीच्या तुरुंगात महिनोन्‌महिने बेड्यांत, एकटी. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊ छावणीत तिला गोळी घातली. १९४९ मध्ये ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला.

या रविवारी हे सगळे पोरांना सांगितले. तोवर बहीणही सातऱ्यावरून आली, हात ताकात बुडवून ऐकत बसली. म्हणाली, "पंधरा किलोची पेटी घेऊन रोज घर बदलायचं? अन् ओझं नेताना चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. हे जमते बाईलेच."

मी भाच्याला विचारले, "तुझ्या खेळात ती पेटी का नाही रे?"

तो म्हणाला, "मामाजी, मग खेळन कोण? पेटीपाशी नुसतं बसून राहा लागन, गाडी येते का म्हणून कान देऊन."