आरामाचे खाते निराळे, उपायाचे निराळे

लिपेडीमा हा मुख्यतः स्त्रियांस होणारा विकार आहे. १९४० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ॲलन व हाइन्स या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. यात दोन्ही पायांवर सारखीच चरबी साचते, पाय दुखतात, हलक्या धक्क्यानेही काळेनिळे डाग उमटतात. मात्र पाऊल बहुधा सुजत नाही. हत्तीरोगात पाऊलही सुजते, हा दोहोंतील भेद. केवळ आहार तोडून ही चरबी हटत नाही. तरीही दोष रुग्ण स्त्रीच्या खाण्यालाच दिला जातो, हा उघड अन्याय होय.

अशा गांजलेल्या स्त्रीपुढे आज मर्दन व लेसर हे दोन उपचार मोठ्या आश्वासनांसह मांडले जातात. त्यांचे मोल व्यापाऱ्याच्या तराजूत तोलून पाहणे अगत्याचे आहे.

डेन्मार्कचे एमिल व्होडर व त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी हलक्या हाताच्या मर्दनाची पद्धत बसविली व १९३६ साली पॅरिस येथे ती लोकांपुढे ठेवली. लसिका नामक शरीरद्रवास वाट करून देणे, हा तिचा हेतू. तिच्या जोडीस दाब देणारे मोजे व पोहण्यासारखा व्यायाम असेल, तर जडपणा व वेदना पुष्कळ हलक्या होतात. परंतु चरबी विरघळत नाही. जोरकस रगडण्याने तर डागच वाढतात.

लेसरही दोन प्रकारचे. त्वचेवरून फिरविण्याच्या सौम्य लेसरला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली मान्यता दिली, ती स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला येणाऱ्या सुजेसाठी. तो दाखला लिपेडीमास लावणे म्हणजे एका मालाचा परवाना दुसऱ्यावर चिकटविणे होय. दुसरा लेसर त्वचेखाली घालून चरबी वितळवितो; ती शस्त्रक्रियाच असून अनुभवी शल्यविशारदावाचून करू नये.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, आरामाची रक्कम उपायाच्या खात्यावर जमा करू नये. आरामही मोलाचा आहे; त्यासाठी खर्च अवश्य करावा. मात्र ‘कायमचे बरे करू’ असे म्हणून बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्यास प्रथम पुरावा विचारावा. घरच्या लेकीसुनेला मात्र पुराव्यावाचून विश्वास द्यावा : तिची वेदना खरी आहे.