बंदूक चकाचक, पण हातांचे काय?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले आणि हा खेळ गावोगावच्या गप्पांत आला. त्याच स्पर्धेत स्कीट प्रकारात माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नारुका यांचे कांस्यपदक ४३-४४ अशा एका गुणाने हुकले. स्कीटमध्ये हवेत भिरकावलेली ठिसूळ थाळी छर्ऱ्यांनी फोडायची असते. त्यासाठी वापरतात ती बारा बोअरची बंदूक आपल्या भागाला नवी नाही. उदगीरच्या बँकेच्या दारात पहारेकऱ्याच्या खांद्यावर दिसते ती दुनळी याच जातीची.

हे पहारेकरी बहुतेक निवृत्त जवान. पुलथ्रू, चिंदी आणि तेलाची बाटली हे शब्द त्यांना पाठ. काही परवानाधारकांकडे वडिलोपार्जित बंदुका आहेत. निवडणुकीच्या काळात अनेकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि परत आल्या की पहिले काम साफसफाईचे. ओसरीत वर्तमानपत्र पसरायचे, जुन्या धोतराच्या चिंध्या घ्यायच्या आणि नळी आरशासारखी होईपर्यंत घासायची. शिस्त म्हणून हे उत्तमच. ओल आणि जळक्या दारूचा थर यांमुळे नळीला गंज चढतो, म्हणून वापरानंतर सफाई हवीच. पण लोखंड जपणारा हा अर्धा तास माणसाच्या मुळावर येऊ नये, एवढीच एका डॉक्टरची विनंती.

पहिला धोका उघड आहे. ‘बंदूक साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी आपण सर्वांनी कधी ना कधी वाचलेली असते. बंदूक रिकामीच आहे, या खात्रीने हा अपघात होतो. खात्री डोळ्यांनी आणि बोटांनी करायची असते, आठवणीने नव्हे. बंदूक हातात घेताच तोंड निर्धोक दिशेला, बोट चापाबाहेर. मग बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड पाहायचा. काडतुसे दुसऱ्या खोलीत, कुलपात. अगदी जवळून सुटलेले छर्रे विखुरत नाहीत; एकाच गठ्ठ्याने शरीरात घुसतात आणि काडतुसातली गुडदी व कपड्यांचे तुकडेही आत नेतात. असे घडलेच तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा, छर्रे काढत बसू नका आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.

दुसरा धोका आवाज करत नाही. त्याचे नाव शिसे. स्कीटच्या एका काडतुसात २४ ग्रॅमपर्यंत छर्रे असतात. एका फेरीत २५ थाळ्या, म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम छर्रे त्या नळ्यांतून जातात, आणि ते बहुधा शिशाचेच असतात. शिवाय काडतूस पेटवणाऱ्या टोपीतही बहुधा शिशाचे संयुग असते. नळीतून निघणारी काळी पूड त्यामुळे नुसती काजळी नसते. ती बोटांवरून तंबाखू मळताना, चहाचा कप धरताना, मिशी पुसताना तोंडात जाते. सुकी पूड झटकली की श्वासातून जाते.

शरीराला शिशाचा काहीही उपयोग नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही. ते हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे राहते. गरोदरपणी हाडांतले शिसे रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचते. पोटात गेलेल्या शिशातून लहान मुले मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेतात आणि त्याचा घाव मेंदूच्या वाढीवर बसतो. मोठ्यांमध्ये पोटात कळा, बद्धकोष्ठता, रक्त कमी होणे, चिडचिड, रक्तदाब वाढणे अशी लक्षणे दिसतात. ती इतकी साधी वाटतात की शिशाचा संशय पटकन येत नाही. वर्षातून एकदा बंदूक पुसणाऱ्याने घाबरून जाऊ नये. पण आठवड्याला सराव करणाऱ्या खेळाडूने आणि रोज शस्त्र हाताळणाऱ्याने तपासणीला आल्यावर आपले काम डॉक्टरांना जरूर सांगावे. रक्तातील शिशाची तपासणी करता येते.

यावरचा उपाय फार महाग नाही. सफाई उघड्या हवेत करा, चूल आणि दिव्यापासून दूर. ओसरीवर मुले खेळत असतील तर ती जागा नको. हातमोजे घाला. नळीत आधी सफाईचे द्रव फिरवा, मग काडतूस बसते त्या बाजूकडून तोंडाकडे पितळी ब्रश आणि नंतर चिंदी, ती स्वच्छ निघेपर्यंत. कोरडे घासू नका, नळीत फुंकर मारू नका. शेवटी तेलाचा पातळ हात पुरे. जास्त तेल लाकडी दस्त्यात उतरून तो कमकुवत करते. चिंध्या आणि वर्तमानपत्र पिशवीत बांधून टाका, त्या फडक्याने पुन्हा घरात काही पुसू नका. हात साबणाने धुवा. नुसते सॅनिटायझर शिसे काढत नाही. कपडे बदला, वेगळे धुवा आणि मगच नातवाला उचला.

आणखी दोन गोष्टी. रॉकेल किंवा थिनर पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मुलाने ते प्यायले तर उलटी करवू नका, कारण ते फुप्फुसात उतरते; तडक दवाखान्यात आणा. आणि बारा बोअरच्या बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. एकाच बाराने कानाला कायमची इजा होऊ शकते. सरावाला जाताना कानाचे संरक्षण हवेच.

शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. त्यात शिसे आणि हात धुणे यांचा एक धडा असावा. पहारेकरी नेमणाऱ्या संस्थांनी सफाईसाठी वेगळी जागा, नळ, साबण आणि हातमोजे द्यावेत. शस्त्र पुसण्याचे काम पहारेकऱ्याच्या घरी, त्याच्या लेकरांच्या शेजारी ढकलू नये. बंदूक कंपनीच्या कामाची आहे, तर तिचे विष कामगाराच्या माजघरात का?

नळी साफ झाली, हे डोळ्यांना दिसते. हात साफ झाले का, हे दिसत नाही. म्हणून ते दरवेळी धुवायचे.