युवा विभाग नको, तरुण मंडळ हवं

आपल्या मंडळाच्या घटनेत ‘युवा विभाग’ असं एक कलम आहे. ते काढून टाकावं, असा माझा आग्रह आहे. कारण सांगायला मात्र मला नगर जिल्ह्यात जावं लागेल. (अहिल्यानगर हे नाव २०२४ मध्ये अधिकृत झालं, पण घरच्यांशी फोनवर बोलताना तोंडात ‘नगर’च येतं, तेव्हा इथेही तेच राहू द्या.)

नगरकडच्या गावात वीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला कोणी युवा म्हणत नाही. तो पोरगा असतो, पोरगं असतं, फार तर तरणाताठा गडी. ‘पोरं’ या शब्दात मालकी आहे : आमची पोरं, वस्तीवरची पोरं. पोर कोणाचं तरी असतंच. विहिरीतली मोटार वर काढायची, मयतीची लाकडं आणायची, छबिन्यापुढची गर्दी आवरायची, की ‘पोरांना बोलवा’. पण त्याच शब्दात डावलणंही आहे. भावकीच्या बैठकीत बांधाचा वाद निघाला की याच पोरांना ‘तुम्हाला काय कळतंय’ म्हणून गप्प बसवतात. वयाचा इथे फारसा संबंध नाही. पस्तिशीतल्या शेतकऱ्याचं लग्न जमत नसेल तर तो ‘पोरगं’च राहतो, बापामागे बाविसाव्या वर्षी घर चालवणाऱ्याला चारचौघं ‘राव’ लावतात.

‘तरुण’ या शब्दाचा मान वेगळा, आणि तो कामातून आला. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून राळेगणसिद्धीला परतले. गावातल्या पोरांचं तरुण मंडळ उभं राहिलं आणि दारूच्या भट्ट्या बंद करायचं काम त्या मंडळाने अंगावर घेतलं. पिणाऱ्यांना खांबाला बांधण्यापर्यंत मजल गेली. ते मला आजही पटत नाही. पण चुकण्याइतका अधिकार त्या पोरांच्या हातात होता, हे नाकारता येत नाही. हिवरे बाजारात १९८९ मध्ये तरुणांनीच पोपटराव पवारांना सरपंच होण्याची गळ घातली. मग श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर बंदी, अशी गावाची घडीच बदलली. आणखी मागे जायचं तर नेवासे आहे. तिथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा सांगणाऱ्याचं वय परंपरेप्रमाणे पंधरा-सोळा. त्या पोराला महाराष्ट्र माउली म्हणतो! त्यांच्यासाठी कोणी वेगळा विभाग काढला नव्हता.

आता ‘युवा’. मूळ संस्कृतच, पण आपल्याकडे तो रुळला सरकारी योजनांतून आणि फ्लेक्सवरून. त्याला मोजमाप लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात १५ ते २४ वर्षं. भारताच्या २००३ च्या युवा धोरणात १३ ते ३५, तर २०१४ च्या धोरणात १५ ते २९. म्हणजे २०१३ मध्ये तिशी ओलांडलेला माणूस युवा होता, पुढच्या वर्षी उरला नाही. चौकातल्या फ्लेक्सवर मात्र पन्नाशीचे ‘युवा नेते’ निर्धास्त हसत असतात. युवा कोणाचा नसतो आणि त्याच्याकडे कामही नसतं; त्याच्याकडे फक्त वयाचा दाखला असतो.

आपल्या मंडळातलं चित्र यापेक्षा फार वेगळं नाही. युवा विभागाने खुर्च्या लावायच्या, प्रोजेक्टर जोडायचा, साउंड सांभाळायचा. कार्यक्रम कोणता, पाहुणा कोण, पैसे किती, हे ठरवणारे आपण साठीचे. वागवायचं गावातल्या पोरांसारखं आणि नाव द्यायचं युवा.

कोणी म्हणेल, गावाकडच्या तरुण मंडळांत मुली कुठे दिसतात? आक्षेप खरा आहे. ‘पोरं’ व्याकरणाने नपुंसकलिंगी, मुलामुलींना सारखंच लागू. पण ‘पोरांना बोलवा’ म्हटल्यावर मुलगे येतात. ती खोड इथे आणायचं कारण नाही. आपल्याकडे तर निम्म्याहून जास्त काम मुलीच ओढतात.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे : युवा विभाग बरखास्त करावा, तरुण मंडळ नेमावं आणि गणेशोत्सवाचं अंदाजपत्रक, हिशेब व चेकवरच्या सह्या त्याच्याकडे द्याव्यात. वयाची अट नको. अनुमोदक हवा आहे; साठीच्या पुढचा मिळाला तर फारच उत्तम.