दोन हजार जागा

इंग्लंडच्या वायव्येस, मर्सी नदीच्या मुखाशी लिव्हरपूल हे जुने बंदर वसलेले आहे. तेथील अ‍ॅनफील्ड या फुटबॉलच्या क्रीडांगणात २०२० मध्ये ५३ हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकत. २०२० साली लिव्हरपूलच्या संघाने तीस वर्षांनंतर देशाचे अजिंक्यपद मिळवले. परंतु २२ जुलै रोजी विजयचषक उंचावला गेला, तेव्हा ते प्रचंड प्रेक्षागार रिकामे होते. कोरोनाच्या साथीमुळे मार्चपासूनच प्रेक्षकांना मज्जाव होता. ज्यांचे केस या क्षणाची वाट पाहता पाहता पिकले, त्यांनाही तो घरी बसून दूरचित्रवाणीवरच पाहावा लागला.

डिसेंबरात सरकारने दार किंचित किलकिले केले. रोगाच्या प्रादुर्भावाप्रमाणे देशाचे तीन स्तर पाडण्यात आले. मधल्या स्तरातील क्रीडांगणांत दोन हजार किंवा क्षमतेच्या निम्मे, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके प्रेक्षक येऊ शकत. सर्वांत कडक स्तरात मात्र एकही नाही. लिव्हरपूल मधल्या स्तरात आले. तेथून जेमतेम पन्नास किलोमीटरांवर असलेले मँचेस्टर कडक स्तरात राहिले.

मँचेस्टरच्या रहिवाशांना हे जिव्हारी लागले असल्यास नवल नाही. पण ऑक्टोबरात लिव्हरपूलही अशाच कडक निर्बंधांखाली होते. नोव्हेंबरात तेथे सैनिकांच्या साहाय्याने नागरिकांची मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली, रोग ओसरला आणि मगच दार उघडले. सीमारेषा संघ पाहून नव्हे, तर रोग पाहून आखली गेली होती. ती कटू होती, पक्षपाती नव्हती.

संख्येचा नियम मात्र ओबडधोबड होता. दहा हजारांच्या मैदानाला दोन हजार आणि लंडनमधील टॉटनहॅमच्या बासष्ट हजारांच्या मैदानालाही दोनच हजार! मोठ्या मैदानात माणसे अधिक अंतर राखून बसू शकतात, हे तर उघडच आहे. आगगाड्यांत आणि प्रवेशद्वारांशी होणाऱ्या गर्दीचे भय खरे असले, तरी तेथे थोडे औदार्य दाखविता आले असते.

याहून बिकट प्रश्न पुढेच होता. दोन हजार जागा आणि दारी पन्नास हजार माणसे. आत कोणाला घ्यावे? जो अधिक पैसे देईल त्याला म्हटले, तर गोदीतल्या मजुराने घरीच राहावे. जो अधिक निष्ठावान त्याला म्हटले, तर निष्ठा मोजणार कोण? तशी मोजदाद सुरू झाली, की ओळखीपाळखीच्या माणसांना मागचे दार उघडते. अनेक क्लबांनी सोडत काढली, ती याच कारणाने योग्य ठरते. सोडतीत श्रीमंताची चिठ्ठी जड होत नाही आणि गरिबाची हलकी होत नाही.

तरीही एक उणीव राहिली. पुष्कळ ठिकाणी सोडतीत नाव घातले जाई ते संपूर्ण हंगामाचे तिकीट आधीच घेतलेल्यांचे. असे तिकीट महाग असते आणि लिव्हरपूलसारख्या क्लबात तर पैसे असूनही त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. मैदानाच्या मागच्याच गल्लीत राहणाऱ्या, पण ते तिकीट नसलेल्या मुलाची चिठ्ठी अशा पेटीत पडतच नाही. दोन हजारांपैकी शंभर जागा जरी अशा मुलांसाठी वेगळ्या काढल्या असत्या, तरी कोणाचे फारसे काही बिघडले नसते.

६ डिसेंबरच्या रात्री दोन हजार प्रेक्षक अ‍ॅनफील्डमध्ये अंतराअंतराने बसले. वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघावर लिव्हरपूलने चार गोल चढविले आणि त्या थोड्या कंठांनी मैदान दुमदुमून गेले. असे तीनच सामने झाले. वर्षअखेरीस रोग पुन्हा बळावला, लिव्हरपूलही कडक स्तरात गेले आणि दारे मिटली. ती उघडली २३ मे २०२१ रोजी, हंगामाच्या अखेरच्या सामन्याला. त्या दिवशी दहा हजार लोक आत होते.